व्हेरॉनिका सिस्टरची सही

"जिथे हात थरथरत नाही, तिथे पाय रोवावा."

व्हेरॉनिका सिस्टरचं हे बोलणं मी एकोणीस वर्षं ऐकलं. नव्या पोरीला सलाइन लावायला शिकवताना त्या हे म्हणायच्या, डबा उघडताना म्हणायच्या, आणि पुलावर माझी गाडी पुढच्या गाडीच्या जरा जवळ गेली की मागच्या सीटवरून मलाही ऐकवायच्या. बहरीनमधल्या एका खासगी इस्पितळाच्या स्टाफची गाडी मी चालवतो. सकाळी साडेपाचला अरादहून सुरुवात. अरादच्या थांब्यावर सगळ्यात आधी चढणाऱ्या त्या, आणि माझ्या मागची खिडकीजवळची जागा त्यांची. ती जागा कोणी घेतली तर त्या काही बोलत नसत, नुसत्या उभ्या राहत. घेणारा आपणहून उठे.

मी देवरुखकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, वाचणं सुटलं नाही. सामान बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा मी पुरता वाचल्याशिवाय टाकत नाही. माणसंही मला वाचता येतात, असा माझा समज होता. या बाईंच्या बाबतीत तो कुठे कमी पडला, तेच सांगायला बसलोय.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा. ऑपरेशन थिएटर गार असतं म्हणून ऐन जुलैतही हातावर लोकरीचं स्वेटर. वसईजवळच्या गास गावच्या. सुट्टीवरून परत आल्या की माझ्यासाठी सुकेळी आणत, केळीच्या सोपात बांधलेली, मधासारखी तांबूस. म्हणायच्या, "दाजी, तुमच्या हापूसनं तोंड चिकट होतं. हे खा, दात मजबूत होतील." मी म्हणायचो, "दात मजबूत झाले तर हापूस आणखी जोरात खाईन." एकोणीस वर्षं हेच संभाषण. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

त्या इथे का आल्या, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. धुळीचं वादळ होतं, पुलावर गाड्या अडकल्या होत्या, समुद्र आणि आकाश एकाच मळक्या रंगाचे झाले होते. मागे त्या एकट्याच होत्या.

"लोक पगारासाठी येतात," मी सहज म्हटलं. "तुमच्याकडे तर वाडी आहे, विहीर आहे. तुम्ही कशाला आलात?"

त्या काचेवरची धूळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी कायद्यासाठी आले."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. वसई रोडला एका मॅडमच्या नर्सिंग होममध्ये त्या लागल्या होत्या. तिथे बाळंतपणं होत, आणि पोटं रिकामी करण्याचं कामही होई. त्यांचा धर्म त्याला पाप म्हणतो, पण तेवढंच नव्हतं. एक बाई आली होती, चौथा महिना, पहिल्या दोन मुली. सासू सोबत. कागदावर काहीतरी वेगळंच कारण लिहिलं होतं. टेबलावर चढताना बाई सिस्टरांच्या कानाशी म्हणाली, "मला नकोय हो हे." सिस्टर मॅडमकडे बघत राहिल्या. मॅडम म्हणाली, सही झालीय, ट्रे दे. सिस्टरांच्या हातातून ट्रे खाली पडला. सगळी अवजारं फरशीवर.

"मॅडम काय म्हणाली माहितीये?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणाली, हात थरथरत असतील तर इथे पाय ठेवू नकोस."

तेव्हा मला कळलं की ते बोलणं मूळचं त्यांचं नाही. दुसऱ्या बाईनं मारलेला टोमणा त्यांनी उलटा करून, धुऊन, घडी घालून जवळ ठेवला होता.

पुढे एका एजंटनं त्यांना सांगितलं की बहरीनमध्ये हे काम होतच नाही, कायद्यानं बंद आहे. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. पगार विचारला नाही, खोली विचारली नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. नवऱ्याला, अँब्रोजना, म्हणाल्या, मी चालले, तुम्ही मागून या. अँब्रोज आले, अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात लागले. ते आजही सांगतात, "आमच्या घरात पोप तीच आणि सरकारही तीच. मी फक्त ॲल्युमिनियम."

इथलं एक त्यांना फार आवडायचं. सोनोग्राफीत डॉक्टर तोंडावर सांगतो, मुलगी आहे. आणि बाई बाहेर येऊन मिठाईचा डबा उघडते. "आपल्याकडे सांगणाऱ्याला तुरुंग आहे," त्या म्हणायच्या, "इथे सांगतात, आणि कोणाला काही होत नाही. बघा म्हणजे." काय बघायचं, ते मला नीट कळलं नाही. पण मी मान हलवली.

त्यांची मुलगी डायना इथेच जन्मली. अरादच्या किल्ल्यासमोरच्या मैदानात सायकल शिकली. घरचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची. आई एका भाषेत रागवायची, मुलगी दुसऱ्या भाषेत भांडायची, आणि दोघींचं भांडण अगदी वेळेवर संपायचं. बारावीनंतर तिनं मेडिकलची परीक्षा दिली. मार्क चांगले पडले. इथल्या मेडिकल कॉलेजात जागा मिळत होती, घरून दहा मिनिटांवर. आणि कोल्हापूरच्या बाजूच्या एका कॉलेजातही मिळत होती.

तिनं कोल्हापूरकडचं निवडलं.

"का?" असं आईनं विचारलं ते माझ्या गाडीत. डायना त्या दिवशी सोबत होती.

डायना इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी कामापुरतं येतं, पण हे सगळं कळलं. ती म्हणाली, मला बायकांची डॉक्टर व्हायचंय. अर्धी नाही, पुरती. इथे पुस्तकातलं एक प्रकरण नुसतं वाचायचं असतं, तिकडे ते हातानं शिकवतात. मला ते हातानं यायला हवं.

 सिस्टर म्हणाल्या, "मी जिथून पळून आले, तिथेच तू जाणार."

"तू त्या मॅडमपासून पळालीस," डायना म्हणाली. "मी ती मॅडम होणार नाहीये."

"सगळ्या असंच म्हणतात."

कॉलेजचा फॉर्म होता. त्यावर तीन सह्या हव्या होत्या, मुलीची, वडलांची, आईची. डायनानं केली होती, अँब्रोजनी केली होती. आईची जागा कोरी. फॉर्म दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी बारापर्यंत स्कॅन करून पाठवायचा होता. इथल्या कॉलेजच्या फॉर्मवर आईनं आधीच सही करून ठेवली होती. दोन्ही फॉर्म एकाच पिवळ्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर सिस्टरांच्या पिशवीत, स्वेटरखाली. रोज पिशवी गाडीत चढायची, रोज उतरायची. मी आरशातून ती बघायचो आणि मला कळायचं, आजही नाही.

एकदा मी बोलून गेलो, "पोरीला जाऊ द्या की."

"तुम्हाला मुलगे आहेत, दाजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलू नका."

मी गिअर टाकला.

मग तो शुक्रवार आला.

दीप्ती माझ्या चुलत भावाची मुलगी. तिचा नवरा प्रशांत एसी दुरुस्तीचं काम करतो, मीच त्याला इथे आणलं. ती हिद्दच्या एका कुरिअर ऑफिसात समोरच्या टेबलावर बसायची. तिला दिवस गेले होते, एकोणिसावा आठवडा चालू होता. मी तिच्यासाठी गावाहून कोकमं मागवली होती. गुरुवारी तिचं पाणी गेलं, शुक्रवारी सकाळी ताप चढला. तिचं विमा कार्ड आमच्याच इस्पितळाचं, म्हणून तिथेच आणली. प्रशांतचा फोन आला तेव्हा मी स्टाफला सोडून गाडी धूत होतो.

मी वर गेलो. प्रशांत भिंतीला टेकून उभा होता.

"काका, बाळाचे ठोके चालू आहेत," तो म्हणाला.

"मग चांगलं आहे ना?"

"नाही काका. तेच चांगलं नाहीये."

मला काहीच कळेना. मग सिस्टर बाहेर आल्या. त्या खरं तर हाडांच्या आणि पोटाच्या थिएटरच्या. बाळंतिणींच्या बाजूला आपल्याला लावू नये, असं त्यांनी पहिल्याच वर्षी लिहून दिलं होतं, आणि वरच्यांनी ते पाळलं होतं. अपुऱ्या दिवसांचं आपोआप पडलं तर साफ करायला कधीमधी बोलावत, तेवढंच. पण त्या शुक्रवारी बाळंतपणाच्या थिएटरची सिस्टर आजारी होती, आणि ड्युटीवर दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी मला समजावलं, वहीत लिहून दिल्यासारखं, सावकाश. पाणी गेलंय, बाळ जगण्याएवढं मोठं नाही. आत विषार सुरू झालाय, तो रक्तात गेला तर दीप्ती जाईल. पोट रिकामं करावंच लागेल. पण बाळाचे ठोके चालू आहेत, म्हणून डॉक्टरांच्या समितीच्या सह्या हव्यात. दोन झाल्यात, तिसरी हवी.

"तिसरी कोणाची?"

"डॉक्टर उमैमांची. त्या रजेवर आहेत, फोन बंद आहे. ऑफिसचा माणूस म्हणतो, मूळ कागदावर सही पाहिजे."

कायद्यात खरोखर किती सह्या लिहिल्या आहेत, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही ठाऊक नाही. एकजण दोन म्हणाला, एकजण तीन म्हणाला, एकजण म्हणाला जीव जात असेल तर एकही नको. सगळे खरं बोलत असावेत असं वाटत होतं, आणि तेवढ्यात दीप्तीच्या खोलीतून तिच्या दातांचा आवाज येत होता. थंडी वाजत होती तिला, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना.

"डॉक्टर उमैमांच्या वडलांचं घर मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "हिद्दला. मी त्यांना दोनदा सोडलंय. निळं फाटक."

सिस्टरांनी कागद काढून घेतला. ऑफिसचा माणूस म्हणाला, "सिस्टर, यू कॅनॉट टेक द फाइल."

"फाइल इथेच आहे. मी फक्त कागद नेतेय," त्या म्हणाल्या. "सर्जन येईपर्यंत मी परत आले नाही तर माझी नोकरी घ्या."

जुम्म्याच्या नमाजाची वेळ. रस्ते ओस. पूल, मग खाडी, मग हिद्दची ती बोळवजा गल्ली. मी गाडी उडवत नेली आणि त्या दिवशी मागून एकदाही ते वाक्य आलं नाही. त्यांनी कागद मांडीवर, दोन्ही पंजांखाली धरला होता, पतंग उडू नये म्हणून पोरं धरतात तसा.

निळं फाटक सापडलं. आतून एक म्हातारे गृहस्थ आले, हमीद नावाचे. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे घर त्यांनी चार वर्षांपूर्वी विकत घेतलंय. डॉक्टरांचे वडील अरादला राहायला गेले.

इथे मला माझीच लाज सांगितली पाहिजे. निघताना मी कोणाला पत्ता विचारला नव्हता. रस्ते मला ठाऊक आहेत, या गर्वात निघालो होतो. हमीदनी भिंतीवर बोटानं नकाशा काढून दाखवला. अरादचं ते घर सिस्टरांच्या स्वतःच्या इमारतीपासून तीन गल्ल्या मागे होतं. माझ्यामुळे वीस मिनिटं गेली.

"सिस्टर, माझं चुकलं," मी म्हणालो.

"यल्ला, चला, दाजी. गाडी काढा."

अरादला डॉक्टर उमैमा दारात आल्या. आत जेवणं चालू होती, लहान मुलांचा आवाज होता. त्यांनी कागद वाचला. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर हाताखाली रुमाल घेऊन सही केली. मग सिस्टरांकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "एक कागज के लिए रुके रहे? औरत की जान का सवाल हो तो इतना नहीं रुकते. ऑफिस को बोलो."

"मैं क्या बोलूँ, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "मुझे तो लगता था यहाँ ये होता ही नहीं."

डॉक्टरांनी विचारलं, "कितने साल से हो?"

"उन्नीस."

 डॉक्टर आत जाऊन चप्पल बदलून आल्या आणि आमच्याच गाडीत बसल्या. म्हणाल्या, मीच येते.

दीप्ती वाचली. चार दिवस आयसीयूत होती, पण वाचली.

त्या दुपारी थिएटरच्या बाहेर सिस्टर मला शोधत आल्या. हिरवे कपडे, कपाळावर टोपीचा वळ. "दाजी, तुमच्यात काय करतात?" त्यांनी विचारलं. "इतक्या लहान जिवाचं."

मी म्हटलं, "जाळत नाहीत. मातीत देतात. झाडाच्या बुंध्याशी, घराजवळ."

"इथे झाड कुठलं?" त्या म्हणाल्या. प्रश्न मला नव्हता. मग सांगितलं की वसईला, त्या नर्सिंग होममध्ये, त्या दर वेळी झाकलेल्या भांड्यावर अंगठ्यानं हळूच एक क्रूस काढायच्या. कोणाला दिसू नये इतका लहान. आजही अंगठा वर गेला होता. मग आठवलं, हे मूल आपलं नाही, दाजींच्या घरचं आहे, आणि अंगठा तसाच राहिला. "मी काढायला हवा होता का?"

 "काढला असतात तरी चाललं असतं," मी म्हणालो. नंतर रात्रभर मला वाटत राहिलं की कदाचित चाललं नसतं, आणि सकाळी पुन्हा वाटलं की चाललं असतं.

पुढचं त्या बोलल्या ते सोमवारी, गाडी लावल्यावर, बाकीचा स्टाफ उतरून गेल्यावर.

"दाजी, हात थरथरले नाहीत."

मी इंजिन बंद केलं.

"ट्रे तोच होता," त्या म्हणाल्या. "जो तेव्हा फरशीवर पडला. सगळी अवजारं तीच, त्याच क्रमानं. मी वाट बघत होते की आता थरथरतील. नाही थरथरले. दीप्तीचा ताप बघत मीच डॉक्टरांना म्हटलं, लवकर करा." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "एकोणीस वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, हात थरथरत नाही तिथे पाय रोवावा. मग आता मी कुठे पाय रोवायचा?"

"इथेच," मी म्हणालो. "इथेच तर झालं हे."

"इथेच झालं म्हणून तर विचारतेय."

मी म्हटलं की त्या दिवशीचं काम वेगळं होतं, जीव वाचवण्याचं होतं. त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं, पण वसईच्या मॅडमच्या कागदावरही तसंच लिहिलेलं असायचं. कागद वाचून कळत नाही, दाजी. बाईच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि बाईचं तोंड बघायला कायद्यात जागा कुठे असते?

दीप्ती घरी आली. डायना तिच्यासाठी आईनं केलेली पेज घेऊन जायची. एका संध्याकाळी मी तिथेच होतो. प्रशांतचा करार आणखी तीन वर्षं वाढवून मिळत होता. दीप्ती उशीला टेकून म्हणाली, "काका, यांना राहायचं तर राहू दे. पण पुढच्या वेळी दिवस गेले की मी पहिल्या महिन्यात गावी जाणार. नोकरी राहो नाहीतर जावो. मला तिसऱ्या सहीची वाट बघायची नाहीये."

"गावी काय आहे?" प्रशांत म्हणाला. "देवरुखला रात्रीचा डॉक्टर तरी मिळतो का? रत्नागिरीला पोचेपर्यंत खलास."

"तरी."

"तरी काय? तिकडेही आठवडे मोजतात. जास्त झाले तर तिकडेही कागद आणि समिती."

"मला माहीत नाही," दीप्ती म्हणाली. "मला एवढंच माहितीये की मला इथे परत त्या खाटेवर झोपायचं नाहीये."

मी कोणाची बाजू घेतली नाही. दोघांचंही पटत होतं, आणि दोन पटणाऱ्या गोष्टी एका खोलीत मावत नव्हत्या. डायना कोपऱ्यात पेजेचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.  परत येताना गाडीत ती म्हणाली, इंग्रजीतच, "आईला इतके दिवस वाटतंय की मी धर्माच्या विरुद्ध जातेय. मला फक्त तिच्यासारखं व्हायचंय. त्या शुक्रवारच्या तिच्यासारखं."

"मग तिला सांग की."

"सांगितलं. ती भांडी घासायला उठून गेली."

रविवार उजाडला. अँब्रोजची सकाळची पाळी होती, ते अस्करला गेले होते. जाण्याआधी त्यांनी दारात बायकोला म्हणे एवढंच सांगितलं, "माझी सही मी केलीय, तुझी तू बघ. मला दोघींच्या मध्ये वितळवू नका." सिस्टरांची त्या दिवशी दुपारची ड्युटी होती, म्हणून मी त्यांना साडेदहाला घेतलं. डायनाही चढली. इस्पितळाच्या शेजारी एक टायपिंग सेंटर आहे, तिथून स्कॅन करून कागद पाठवायचा होता. कोणता कागद, ते अजून ठरलं नव्हतं. पिवळा फोल्डर सिस्टरांच्या मांडीवर होता. पहिल्यांदाच पिशवीच्या बाहेर.

 पुलाखालचं पाणी तापून पांढरं पडलं होतं.

इस्पितळाच्या फाटकाअलीकडे त्या म्हणाल्या, "दाजी, इथेच थांबवा." मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी माझी ड्युटीची पाटी मागितली, ज्यावर मी वेळा लिहितो. पाटीवर कोल्हापूरकडचा फॉर्म ठेवला. डायना पुढे सरकून बसली होती, आरशात मला दिसत होतं.

"एक सांग," सिस्टर तिला म्हणाल्या. "टेबलावर चढलेली बाई तुझ्या कानाशी म्हणाली, मला नकोय, आणि कागदावर सगळ्या सह्या आहेत. काय करशील?"

"ट्रे खाली टाकेन," डायना म्हणाली. मराठीत म्हणाली.

"आणि तिलाच हवं असेल, आणि सह्या नसतील?"

 डायनानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"मलाही नाही माहीत," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पेन उघडलं.

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. पाटी त्यांच्या गुडघ्यावर हलत होती. आधी मला वाटलं, मी इंजिन चालू ठेवलंय म्हणून. मी इंजिन बंद केलं. पाटी तरी हलतच होती. एकोणीस वर्षांत त्यांचा हात मी असा पाहिला नव्हता. 'व्हेरॉनिका'तला व्ही एका बाजूला कलंडला आणि शेवटची रेघ चौकटीच्या बाहेर गेली.

डायनानं कागद घेतला. सही बघितली. मग चाचरत म्हणाली, "मम्मा, ही पासपोर्टवरच्या सहीसारखी नाही झाली. त्यांनी रिजेक्ट केलं तर?"

"तर मला फोन करायला सांग. मी सांगेन माझीच आहे म्हणून."

त्या उतरल्या. स्वेटर सीटवरच राहिलं. मी हाक मारणार होतो, पण त्यांचं ते नेहमीचं वाक्य आता ओठांवर असेल, मधे हाक मारू नये, असं उगाच वाटलं. पण त्या ते बोलल्याही नाहीत. दार सरकवून लावलं आणि उन्हातून चालू लागल्या, छत्री न उघडता. फाटकातून आत गेल्या. स्टाफचं दार डावीकडे, तिकडे वळल्या नाहीत. जिथे लावू नका म्हणून लिहून दिलं होतं, त्या बाळंतिणींच्या इमारतीच्या समोर जाऊन थांबल्या. मग दोन पावलं मागे आल्या, काहीतरी विसरलं असावं तशा, आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"दाजी काका," डायना म्हणाली, "ती रागावलीय का?"

"मला नाही कळत, गं."

अकरा वाजून गेले होते. टायपिंग सेंटर समोरच उघडं होतं, पण ती उतरली नाही, आणि मीही तिला उतर म्हणालो नाही. काचेतून आम्ही दोघं बघत राहिलो. सिस्टरांनी हात पदराला पुसावेत तसे युनिफॉर्मला पुसले आणि चालू लागल्या. कोणत्या दारानं आत गेल्या, ते मधे आलेल्या ॲम्ब्युलन्समुळे आम्हाला दिसलं नाही.